नासीरभाईंचा नंबर

दरवर्षी जूनच्या मध्यावर आमच्या ऑफिसात सीझनची मीटिंग होते. सीझन म्हणजे रिटर्न भरायचा. लग्नाचा सीझन आमच्याकडे कोणी बोलूनही दाखवत नाही. गेल्या वर्षी दिपमालाने जुलैतली साखरपुड्याची तारीख सांगितली, तर साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, ''मुलाकडच्यांना कॅलेंडर कळत नाही का?'' बिचारीने तारीख बदलून घेतली. मला मेलीला तेव्हा हसूही आलं होतं.

मी सारिका. जळगावात नव्या पेठेत सी.ए. प्रेमराज यांचं ऑफिस आहे, तिथे बावीस वर्षं झाली मला. मोठे साहेब, म्हणजे प्रेमराजसाहेबांचे वडील होते, तेव्हापासून. पाटीवर नाव प्रेमराजसाहेबांचं, पण कुठली फाईल कुठल्या कपाटात आहे ते सगळे मला विचारतात. मीटिंगची यादीसुद्धा मीच करते. इन्व्हर्टरची बॅटरी, प्रिंटरची शाई, फाईलचे कव्हर, पासवर्डचा तक्ता, कोणाकडे कोणते क्लायंट. आणि सगळ्यात वर, लाल पेनने, पंधरा सप्टेंबरपर्यंत सुट्टी बंद. यंदा सरकारने मुदत वाढवली, म्हणून लोक खूश झाले. आम्हाला विचारा. आमची फाशी दीड महिना लांबली, एवढंच.

त्या यादीत यंदा एक गोष्ट लिहायची राहिली. ती मीटिंगमध्येच समोर आली.

झालं असं की साहेबांनी मोठ्या स्क्रीनवर एका दाळमिलवाल्या शेठजींचं इन्कम टॅक्सच्या साइटवरचं खातं उघडायला घेतलं, नव्या मुलींना दाखवायला. पासवर्ड जुना झाला होता. साइटने सांगितलं, ओटीपी पाठवला आहे, शेवटी चव्वेचाळीस असलेल्या नंबरवर. साहेबांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ''सांगा ओटीपी.''

दिपमालाने खाली मान घातली. धनसिंग, आमचा बँकेची नि बाहेरची कामं करणारा जुना माणूस, दाराशी उभा होता, त्याने माझ्याकडे बघितलं.

चव्वेचाळीस म्हणजे आमच्या ऑफिसातल्या नासीरभाईंचा नंबर. नासीरभाई एकतीस मार्चला गेले.

आमची पद्धत सांगते, म्हणजे कळेल. क्लायंटच्या खात्याला मोबाईल नंबर जोडावा लागतो. नियमाने तो क्लायंटचाच हवा. पण शेठजी दुपारी झोपतात, सराफ गिऱ्हाइकात असतो, भुसावळचे रिटायर झालेले रेल्वेवाले फोन घरी विसरून देवळात जातात. ओटीपी दहा-पंधरा मिनिटांत शिळा होतो. मग कोणी कोणाच्या पाठी लागायचं? म्हणून आम्ही आमचेच नंबर टाकत आलो. एका नंबरावर दहाच खाती चालतात, तर आम्ही नवी सिमं घेत गेलो. आता एका स्टीलच्या जेवणाच्या डब्यात आठ बटणांचे फोन पडलेले असतात. त्याला आम्ही ओटीपीचा डबा म्हणतो. जळगावात असे डबे कितीतरी ऑफिसांत निघतील, आम्ही काही जगावेगळे नाही. पण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी दहा खाती नासीरभाईंच्या स्वतःच्या नंबरवर होती, कारण सुरुवातीला हे ऑनलाइनचं त्यांनाच जमायचं. आणि त्यांचा फोन डब्यात नव्हता. तो धुळ्याला, देवपुरात, त्यांच्या बायकोकडे होता. हॉस्पिटलातून त्यांचं घड्याळ, पाकीट आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीच तिच्या हातात दिला होता.

''आधारवरून पासवर्ड बदलता येतो,'' दिपमाला हळूच म्हणाली.

''येतो,'' साहेब म्हणाले. ''मग ओटीपी त्यांच्या आधारच्या मोबाईलवर जाणार, म्हणजे दहाही शेठजींना इथे बोलवायचं. ते विचारणार, आमचं खातं अडीच महिने मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर होतं का? काय सांगशील? सांग ना.''

साहेबांनी तिथल्या तिथे नासीरभाईंच्या नंबरवर चौऱ्यांशी दिवसांचा रिचार्ज मारला. मग मला म्हणाले, ''ताई, तुम्हीच जा. ती बाई इद्दतमध्ये आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने पाळतेय, पुरुषमाणसाला भेटणार नाही. घरी बसा, फोन हातात घ्या, दहा खात्यांचे नंबर बदलून टाका. तासाभराचं काम. सोबत फळांची करंडी न्या.''

मी म्हटलं, ''दुसऱ्या कोणाला पाठवा ना, साहेब. दिपमाला जाईल.''

''तिला ओळखतं कोण तिथे? तुम्हाला ते घरचं समजतात.''

म्हणूनच मला जायचं नव्हतं. कारण नासीरभाईंच्या त्या दिवसाचं जे आम्ही भाभीला, त्यांच्या बायकोला, सांगितलं होतं ते खरं नव्हतं, आणि ते खोटं माझ्याच तोंडून निघालं होतं.

धुळ्याच्या बसमध्ये चढले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि आठलाच पत्रा तापला होता. पारोळ्यापर्यंत उभं राहावं लागलं. करंडी हातात, लॅपटॉप पायाशी. मी मनाशी म्हणत होते, जायचं, काम करायचं, यायचं. पण डोक्यात एकतीस मार्च फिरत राहिला. तो आता सगळा सांगून टाकते.

यंदा ईद नेमकी एकतीस मार्चला आली. मार्चअखेर. जुन्या वर्षांच्या अपडेटेड रिटर्नचा शेवटचा दिवस. सरकारने स्वतःची ऑफिसंसुद्धा त्या दिवशी उघडी ठेवली होती, मग आमची कोण बंद ठेवणार? नासीरभाईंनी महिनाभर आधी सुट्टी मागून ठेवली होती. आठवडाभर ते जळगावात खोली घेऊन राहायचे, शनिवारी देवपूरला घरी जायचे. रोजे धरून रात्रंदिवस काम केलं होतं त्या माणसाने. सकाळी दहाला साहेब मला म्हणाले, नासीरला बोलवा. मी फोन केला. नासीरभाई म्हणाले, ''ताई, घरी पाहुणे आहेत. ओटीपी मी फोनवरून सांगतो की.'' साहेबांनी मानेनेच नाही म्हटलं. मग मी म्हणाले, ''नासीरभाई, या हो. संध्याकाळी परत जा. माझ्यासाठी या.''

माझ्यासाठी या. हे साहेबांनी मला शिकवलं नव्हतं.

ते दीडला आले. नवा पांढरा कुर्ता, त्यावर उन्हाने आलेला घाम. सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणला होता, आम्ही उभ्या उभ्या खाल्ला. साडेचारला त्यांनी छातीवर हात ठेवला. कोणी म्हटलं अॅसिडिटी असेल, कोणी म्हटलं रोज्यांनंतर एकदम जड खाल्लं. चेहरा राखेसारखा झाला तेव्हा धनसिंगने त्यांना रिक्षात घातलं. आणि मी, सारिकाताई, घरची माणूस, रिक्षापर्यंत धावत गेले आणि म्हणाले, ''नासीरभाई, फोन राहू द्या. अजून चार खाती बाकी आहेत.'' त्यांनी खिशातून काढून दिला. पॅटर्नसुद्धा बोटाने हवेत काढून दाखवला.

मग वर येऊन मी खुर्चीवर बसले आणि ओटीपी सांगू लागले. चारही मुली चार कॉम्प्युटरवर, आणि आत केबिनमध्ये साहेब. मी ओटीपी नासीरभाईंच्याच व्हॉट्सअॅपवरून ऑफिसच्या ग्रुपवर टाकत होते, म्हणजे ओरडावं लागू नये. तेवढ्यात स्क्रीनवर 'घर' असं नाव आलं. त्याखाली ओटीपी झाकला गेला. आतून साहेब ओरडले, ''काय झालं? वेळ चाललाय!'' मी फोन कापला. म्हटलं, हे एक झालं की करते. पुन्हा आला. पुन्हा कापला. साइट त्या दिवशी रडत होती, एकेक खातं तीन-तीनदा बाहेर फेकत होती. पुन्हा 'घर'. मी पुन्हा कापला. मला वाटलं होतं पाच-सहा वेळा झालं असेल.

सहाच्या सुमाराला धनसिंगचा फोन आला. ''ताई, तब्येत बरी नही शे. डाक्टर घरना माणसंस्ले बलावा म्हणस.'' घरच्यांना बोलवा. मी म्हटलं, ''दहा मिनिटं, धनसिंगभाऊ. आत्ता करते.''

दहा मिनिटांचे सव्वा सात झाले. चारही खाती झाली, पावत्या निघाल्या. मग मी 'घर'ला फोन लावला आणि भाभीला म्हणाले, ''नासीरभाईंना आत्ताच जरा बरं वाटत नाहीये, आत्ताच हॉस्पिटलात नेलंय, तुम्ही निघा.'' पावणेआठला ते गेले. धुळ्याहून भाभी आणि जीनत पोचल्या तेव्हा साडेनऊ झाले होते. पाच वाजता कळलं असतं तर सव्वासातला त्या त्यांच्याजवळ बसलेल्या असत्या. एवढा साधा हिशेब आहे, त्याला सी.ए. लागत नाही.

मी 'आत्ताच' म्हणाले, आणि मग सगळं ऑफिस 'आत्ताच' म्हणू लागलं. साहेब म्हणाले, अचानक झालं हो. मुली म्हणाल्या, अचानक झालं. धनसिंग काहीच म्हणाला नाही, पण त्याने माझ्याशी बोलणं कमी केलं.

देवपुरात त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जीनतने दार उघडलं. नासीरभाईंची मोठी मुलगी, बी.एस्सी.ला आहे तिथेच कॉलेजात. बापासारखंच रुंद कपाळ. ''या मावशी,'' एवढंच म्हणाली आणि करंडी घेतली. अनवरीभाभी आतल्या खोलीत खाली गादीवर बसली होती. साधे फिके कपडे, हातात काही नाही, कानात काही नाही. किती वाळली होती! मला बघून उठायला लागली तर मी तिला खांद्याला धरून बसवलं, आणि ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी पण रडले. माझं रडणं खोटं नव्हतं, हे तरी कोणीतरी मानावं.

थोड्या वेळाने मी कामाचं काढलं. भाभीने पुढचं ऐकलंही नाही. ''जीनत, अब्बूचा फोन दे मावशीला. चार्ज आहे ना?'' मला म्हणाली, ''रोज चार्ज करते मी. बंद पडला तर बरं नाही वाटत.'' माझ्याशी ती नेहमी मराठीतच बोलते. तिचं माहेर चोपड्याचं, शाळा मराठी.

तोच फोन. कोपऱ्यात तडा गेलेला. मी लॅपटॉप उघडला, जीनतने इंटरनेट जोडून दिलं, आणि मी भिंतीला टेकून तिथेच कामाला लागले. पहिलं खातं दाळमिलचं. फोन वाजला, ओटीपी आला, टाकला, नंबर बदलला. दुसरं सराफांचं. तिसरं त्यांच्या भावाचं. भाभी बघत होती. जीनतने चहा आणून ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

सहा खाती झाली होती तेव्हा भाभी म्हणाली, ''सारिकाताई, एक विचारू? तुम्ही त्यांच्याजवळ होतात ना त्या दिवशी?''

''होते की.''

''रागात होते का ते?''

''राग? नाही हो. कसला राग?''

तिने जीनतकडे बघितलं, मग खाली. ''सकाळी आमचं भांडण झालं. माझा भाऊ आला होता मालेगावहून पोरांना घेऊन, आणि हे कुर्ता घालून निघाले ऑफिसला. मी दारात बोलले, आज गेलात तर परत येऊ नका. असं बोलले मी. ईदच्या दिवशी. मग दुपारी माझाच राग गेला. म्हटलं, माफी मागते. पावणेपाचपासून फोन करत होते. अकरा वेळा केला. ते कापत होते. वाजून बंद होत नव्हता, कापत होते. जीनतने बघितलंय त्यात, अकराही लिहून आहेत. आणि सातनंतर तुमचा फोन आला की पडले.''

माझा हात कीबोर्डवर होता. सातव्या खात्याचा ओटीपी फोनवर येऊन पडला होता.

''म्हणजे दोन-अडीच तास ते चांगले होते,'' भाभी म्हणाली. ''चांगले होते आणि माझा फोन घेत नव्हते. बावीस-तेवीस वर्षांत त्यांनी कधी माझा फोन कापला नाही. मी रोज नमाजात विचारते, अल्ला, त्यांनी मला माफ केलं का नाही. ते तसेच गेले असतील तर माझं काय? तुम्ही जवळ होतात म्हणून विचारते. काही बोलले का माझ्याबद्दल?''

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतंस. तोंडाशी आलं होतं, शप्पथ. आणि त्याच वेळी मी काय बघत होते सांगू? घड्याळ. ओटीपीला आठ मिनिटं उरली होती. चार खाती बाकी होती. आत्ता सांगितलं तर ही बाई फोन हातातून काढून घेईल, आरडाओरडा होईल, चार शेठजी अडकतील, साहेब विचारतील काय झालं, आणि मग सगळं ऑफिस एका सुरात म्हणेल, फोन ताईंकडे होता. तसं ते खरंच होतं. पन्नाशीच्या बाईला दुसरीकडे नोकरी कोण देतंय? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मी म्हणाले, ''नाही हो भाभी. रागात नव्हते. कामाची घाई होती, म्हणून कापला असेल.''

''कापला असेल,'' ती म्हणाली.

मी चारही खाती पुरी केली. दोनदा आकडा चुकला. पण केली. साहेबांना मेसेज टाकला, दहाही झाले. त्यांनी उलट अंगठा पाठवला. फोन मी भाभीच्या उशाशी ठेवला, लॅपटॉप आवरला, येते म्हणाले. ती म्हणाली, ''जेवून गेला असतात.'' मी म्हटलं, बस आहे.

जिन्यात जीनत माझ्यामागून खाली आली. मला वाटलं, रिक्षा दाखवायला येतेय. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती म्हणाली, ''मावशी, थांबा.''

तिने ओढणीतून एक घडी केलेला कागद काढला. हॉस्पिटलचा. बोट ठेवलं. दाखल केल्याची वेळ, पाच वाजून पाच मिनिटं.

''अम्मीला इंग्रजी वाचता येत नाही,'' ती म्हणाली. ''हा मी कपाटात वर ठेवलाय. आणि अब्बूच्या व्हॉट्सअॅपवर तुमच्या ऑफिसचा ग्रुप आहे. पाच सतराला त्यांच्या नावाने मेसेज आहे, 'दाळमिल झालं, पुढचं घ्या.' मराठीत टाइप केलेला. अब्बू मराठी टाइप करत नव्हते, मावशी. ते बोलून पाठवायचे. पाच सतराला अब्बूच्या हाताला सलाईन होतं.''

मी कठडा धरला.

''कधीपासून माहीत आहे तुला?''

''एप्रिलपासून.''

''मग आईला सांगितलं का नाहीस? मला का नाही विचारलंस? शिव्या का नाही दिल्यास?''

''अम्मीला सांगितलं तर तिला वाटेल मी तिची समजूत घालतेय. ती म्हणते, तू मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतेस. तुम्ही येणार कळलं तेव्हा मला वाटलं, सांगायलाच येताय.'' तिचा आवाज इतका शांत होता की त्यापेक्षा तिने माझ्या तोंडात मारलेली परवडली असती. ''मघाशी तिने विचारलं तेव्हा मी दारात उभी होते. तुम्ही म्हणालात, कापला असेल.''

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. मी त्या पोरीसमोर उभी होते आणि मला स्वतःची एवढी किळस आली की काय सांगू. बावीस वर्षं मी ऑफिसात सगळ्यांना दम देत आले, चूक झाली तर कबूल करा, लपवू नका, नोटीस आली की सगळं उघडं पडतं. किती रुबाबात सांगायचे मी ते!

''चल वर,'' मी म्हणाले.

भाभी अजून तशीच बसली होती, फोन मांडीवर घेऊन. मी तिच्यासमोर खाली बसले. मांडी घालायचीही वाट बघितली नाही, नाहीतर पुन्हा तोंड मिटलं असतं.

''भाभी, फोन त्यांनी कापला नाही. मी कापला.''

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. साडेचारला छातीत दुखायला लागलं ते, रिक्षा, फोन मागून घेतला ते, 'घर' नाव येत होतं आणि मी कापत होते ते. आत्ताच पडले, हे खोटं होतं तेही. जीनतने मागून हॉस्पिटलचा कागद पुढे केला आणि वेळ वाचून दाखवली. भाभी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा कागदाकडे. मी वाट बघत होते की ती आता माझे केस धरेल. धरले असते तर मी हलले नसते.

पण तिचा चेहरा हळूहळू सुटत गेला. ''म्हणजे त्यांनी नाही कापला?''

''नाही. त्यांच्या हातात फोनच नव्हता.''

''अकरापैकी एकदाही नाही?''

''एकदाही नाही, भाभी. त्यांची शप्पथ.''

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं. अल्लाचं नाव घेत होती, शुक्र शुक्र म्हणत त्याचे आभार मानत होती. जीनतने तिला धरलं. अडीच महिने त्या बाईने स्वतःला जे लावून घेतलं होतं ते उतरत होतं, मला दिसत होतं. आणि मी निर्लज्ज, मला क्षणभर हलकं वाटलं. वाटलं, बरं झालं बाई, सांगितलं. उशिरा का होईना, एक तरी गोष्ट नीट केली. साहेब काढतील तर काढोत.

मग ती रडता रडता थांबली. तोंडावरचे हात खाली आले.

''मग फोन तुमच्याकडे होता,'' ती म्हणाली. ''त्यांच्याकडे नव्हता.''

''हो.''

''मग त्यांना कळलंच नसेल मी फोन केला ते.''

मी तिच्या मांडीवरच्या फोनकडे बघितलं.

''ते तिथे पडून होते. सकाळचं माझं बोलणं डोक्यात असणार. परत येऊ नका म्हटलं होतं मी.'' ती माझ्याकडे झुकली. ''शुद्धीवर होते ना? धनसिंगभाऊ होते ना जवळ? काही विचारलं असेल त्यांनी. विचारलं का, घरून फोन आला का म्हणून?''

इथे एक गोष्ट आहे, जी मी ऑफिसात कोणाला सांगितली नव्हती आणि तुम्हालाही सांगितली नाही. धनसिंगचे त्या दिवशी अजून दोन फोन आले होते. एक साडेपाचला, एक सातच्या आधी. दोन्ही वेळा त्याने तेच विचारलं होतं. नासीरभाई पुन्हा पुन्हा विचारताहेत, माझ्या मोबाईलवर घरून फोन आला का? मी आला म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, फोन आणून द्या. आणि फोन मला हवा होता.

जीनत माझ्याकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती, आणि कदाचित चांगल्या बाईने बोलून टाकलं असतं. मला आता तेही जमेना.

''विचारलं,'' मी म्हणाले. ''दोनदा.''

''तुम्ही काय सांगितलं?''

''नाही आला, असं सांग म्हटलं.''

भाभी ओरडली नाही. तिने मला हातही लावला नाही. मांडीवरचा फोन उचलला, दोन्ही हातांत धरला आणि माझ्यावरून नजर काढून समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्याशी कधी बोलत नाही त्या तिच्या घरच्या बोलीत, अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगू लागली.

''अजी सुनो, मैंने लगाया था। ग्यारा बार लगाया था जी।''